गप्प बसणारा रेणू

आमच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेत सीपीजी ऑलिगोंचं, म्हणजे डीएनएच्या खास छोट्या तुकड्यांचं, काम घ्यायचं ठरलं, तेव्हा मी पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. लशीत मुख्य प्रथिनाच्या जोडीला असा एक घटक घालतात, की ज्याच्यामुळे शरीर त्या प्रथिनाची नीट दखल घेतं. त्याला अ‍ॅड्ज्युव्हंट म्हणतात. वर्षानुवर्षं हे काम अ‍ॅल्युमिनियमचे क्षार करत आलेत. आम्हाला ते यंत्रावर घडवलेल्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांकडून करून घ्यायचं होतं. कामं वाटली गेली. संश्लेषण आमच्या रसायनवाल्या दादाकडे, डिझाइन आणि पेशींवरच्या चाचण्या माझ्याकडे.

डिझाइन म्हटल्यावर मी जरा हरखलेच. २४ अक्षरांचा तुकडा, प्रत्येक जागी ए, टी, जी, सी यांतलं एक. हिशेब मांडला तर २८१ लाख कोटींच्या वर शक्यता निघतात. भरपूर वाचलं, संगणकावर चाळण्या लावल्या आणि एक घसघशीत यादी घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी ती वरून खालपर्यंत पाहिली आणि म्हणाले, “हे सगळे बोलणारे झाले. न बोलणारे कुठे आहेत?”

न बोलणारे म्हणजे कंट्रोल. लांबी तीच, अक्षरांची बेरीज तीच, रासायनिक कणा तोच, फक्त ज्या गोष्टीमुळे पेशी चिडते ती गोष्ट काढून टाकलेली. तेव्हा मला वाटलं, सर शिस्तीचा भाग म्हणून विचारतायत. कंट्रोल काय, शेवटी जोडू की दोन. पुढे जे काही शिकले ते बहुतेक सगळं या ‘दोन’मधूनच शिकले, म्हणून हा लेख.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. जिवाणूंच्या डीएनएत सी आणि त्याला लागून जी ही जोडी (हीच ती सीपीजी) हिशेबाने जेवढी यायला हवी तेवढी सर्रास येते. आपल्यासारख्या पृष्ठवंशी प्राण्यांच्या डीएनएत ती अपेक्षेच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकीच उरलेली आहे, आणि जी आहे तिच्यातल्या बहुतेक सींवर मिथाइल हा छोटा रासायनिक गट बसलेला असतो. त्यामुळे मिथाइल नसलेली सी-जी जोडी पेशीच्या आत, पचनाच्या पिशवीत म्हणजे एंडोसोममध्ये सापडली, तर ती परक्याची असण्याची शक्यता फार. ही जोडी ओळखणारं प्रथिन म्हणजे टीएलआर-९. जपानमध्ये शिझुओ अकिरा यांच्या गटाने ते २००० साली दाखवलं. ते पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर नसून आत एंडोसोममध्ये बसलेलं असतं, हीही सोयच म्हणायची. रक्तात आपल्याच मेलेल्या पेशींचा डीएनए इकडेतिकडे फिरत असतो, त्याच्यावर ते उठसूट भुंकत नाही. ल्युपससारख्या, प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटण्याच्या आजारात नेमकी हीच व्यवस्था बिघडते.

या शोधाची सुरुवात मात्र बीसीजीपासून झाली. हो, तीच बीसीजी, जिचा वण आपल्यापैकी बहुतेकांच्या डाव्या दंडावर आहे. टोकुनागा, यामामोटो आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये बीसीजीच्या जिवाणूतून एक भाग वेगळा काढला, जो प्राण्यांमधल्या कर्करोगाच्या गाठींवर परिणाम करत होता. त्यात मुख्यतः डीएनए होता. डीएनए प्रतिकारयंत्रणेला डिवचतो, हे त्या काळात पटणं कठीणच होतं. डीएनए म्हणजे माहितीचा साठा, तो कशाला कुणाला चिडवेल?

दुसरा धागा अमेरिकेतला. आर्थर क्रीग हे आयोवा विद्यापीठात अँटिसेन्स ऑलिगो, म्हणजे जनुकाचा निरोप अडवणारे तुकडे, वापरून बी पेशींमधली (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींमधली) काही जनुकं दाबायचा प्रयत्न करत होते. अँटिसेन्स तुकड्यांबरोबर त्यांनी कंट्रोल तुकडे घातले होते, ज्यांनी काहीच करायला नको होतं. आणि त्या कंट्रोलमधल्या काहींनी बी पेशींना भराभर वाढायला लावलं. कुणीही ‘प्रयोग फसला’ म्हणून ती वही बंद केली असती. यांनी त्या चुकार कंट्रोलांमध्ये समान काय आहे ते शोधलं, आणि १९९५ मध्ये ‘नेचर’मध्ये मिथाइल नसलेल्या सीपीजीचा शोधनिबंध आला. मला ही गोष्ट आधीपासून माहीत होती, परीक्षेत लिहिलीही होती. पण सगळं क्षेत्रच एका बोलक्या कंट्रोलमधून जन्माला आलंय, हे मात्र सरांनी यादी परत केल्यावरच लक्षात आलं.

आता डिझाइन. नुसती सी-जी जोडी घालून भागत नाही. तिच्या आजूबाजूची अक्षरं महत्त्वाची, आणि कुठल्या प्राण्यासाठी घडवतोय त्यावर ती बदलतात. माणसाच्या टीएलआर-९ला जी-टी-सी-जी-टी-टी हा क्रम आवडतो, उंदराच्या टीएलआर-९ला जी-ए-सी-जी-टी-टी. फरक एका अक्षराचा, पण माणसाच्या पेशींवर धुमाकूळ घालणारा तुकडा उंदरात अगदीच मवाळ ठरू शकतो. त्याहून मोठी पंचाईत अशी की माणसात टीएलआर-९ मुख्यतः बी पेशींत आणि प्लाझ्मासायटॉइड डेंड्रायटिक पेशींत (या रक्तातल्या दुर्मीळ पांढऱ्या पेशी) असतं, तर उंदरात ते मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशींत आणि इतर डेंड्रायटिक पेशींतही असतं. म्हणून उंदरातल्या झकास निकालांवर उड्या मारू नयेत, हे या क्षेत्रातलं पहिलं शहाणपण. कोंबडीत तर टीएलआर-९ नाहीच, तिथे टीएलआर-२१ ते काम करतं.

मग काही अलिखित नियम. पहिली सीपीजी ५-प्राइम टोकाच्या, म्हणजे साखळी जिथून वाचायला सुरुवात होते त्या टोकाच्या, जवळ असावी आणि ते टोक मोकळं असावं. दोन सीपीजींच्या मध्ये टी भरलेले बरे. सीपीजीच्या आधी लगेच सी किंवा नंतर लगेच जी आला की जोर कमी होतो. टी-टी-ए-जी-जी-जी हा आपल्या गुणसूत्रांच्या टोकाशी असणारा क्रम तर उलटा शांत करणारा आहे, तो चुकूनही तुकड्यात येता कामा नये. लागोपाठ चार जी आले तर तुकडे एकमेकांना चिकटून गुंते करतात. माझ्या पहिल्या यादीतले निम्मेअधिक तुकडे या चाळण्यांतच गळाले, आणि उरले ते बघितले तर आधीच प्रसिद्ध असलेल्या तुकड्यांचे सख्खे भाऊ वाटावेत असे. २८१ लाख कोटींचा रुबाब तिथे उतरला.

खरं वैविध्य येतं ते रचनेतून. बी वर्गाचे तुकडे सरळ, संपूर्ण गंधकी कण्याचे. ते बी पेशींना जोरात उठवतात, पण इंटरफेरॉन-अल्फा (विषाणूविरोधी इशारा देणारं प्रथिन) फारसं काढत नाहीत. ए वर्गात मध्ये उलटसुलट सारखा वाचला जाणारा सीपीजीचा पट्टा आणि दोन्ही टोकांना जीची रांग. हे तुकडे मोठाले गोळे बनवतात, प्लाझ्मासायटॉइड पेशींच्या सुरुवातीच्या एंडोसोममध्ये रेंगाळतात आणि इंटरफेरॉनचा पूर आणतात. बी पेशींवर त्यांचा परिणाम बेताचाच. सी वर्ग या दोघांच्या मधला: पुढे बी वर्गासारखी मांडणी, मागे पॅलिंड्रोम, म्हणजे तसाच उलटसुलट वाचला जाणारा पट्टा. आम्ही सी वर्गाच्या वाटेने जायचं ठरवलं, कारण ए वर्गाच्या गोळ्यांचा आकार एका खेपेत एक, दुसऱ्या खेपेत दुसरा, आणि दादाने आधीच हात जोडले होते.

गंधकी कणा हा काय प्रकार, तेही सांगते. साधा डीएनए रक्तात सोडला की तिथली विकरं त्याचा थोड्या वेळात फडशा पाडतात. म्हणून कण्यातल्या प्रत्येक फॉस्फेटवरचा एक ऑक्सिजन काढून तिथे गंधक बसवतात. त्याला फॉस्फोरोथायोएट म्हणतात. टिकाऊपणा वाढतो, पण त्याची किंमतही मोजावी लागते. गंधक बसल्यावर प्रत्येक फॉस्फरस डाव्या-उजव्या अशा दोन रूपांत येतो. २४ अक्षरांच्या तुकड्यात २३ जोड, म्हणजे एकाच ‘शुद्ध’ नळीत ८३,८८,६०८ वेगवेगळी त्रिमितीय रूपं. शिवाय हा कणा स्वतःच चिकट. सीपीजी असो-नसो, तो भेटेल त्या प्रथिनाला धरतो. इथेच कंट्रोलचा प्रश्न परत येतो, पण आधी संश्लेषण.

दादाच्या खोलीत मी अनेकदा नुसती उभी राहून बघत असे. यंत्र ३-प्राइम टोकाकडून ५-प्राइमकडे, एकेक अक्षर जोडत जातं. प्रत्येक नव्या अक्षराच्या टोकावर एक टोपी असते. आम्लाने ती टोपी काढली की पारदर्शक नळीतून भडक नारिंगी रंगाचा द्रव वाहत जातो. मग जोडणी, मग गंधक, मग जे जोडले गेले नाहीत त्यांची तोंडं कायमची बंद करणं, आणि पुन्हा नारिंगी. थायोएटच्या बाबतीत गंधक आधी आणि तोंडबंदी नंतर, हा क्रम पाळावा लागतो. नारिंगी रंग फिका पडायला लागला की दादाचा चेहराही फिका पडायचा. कारण उघड आहे. प्रत्येक जोडणी ९९ टक्के झाली तर २३ जोडण्यांनंतर ७९ टक्के साखळ्या पूर्ण लांबीच्या मिळतात. तीच ९८ टक्क्यांवर आली, की ६३. एका टक्क्याचा फरक, पण शेवटी नळीत अर्धवट तुकड्यांचा भरणा वाढतो.

साखळी तयार झाली की तीव्र अमोनियात ५५ अंशांवर रात्रभर ठेवून संरक्षक गट काढायचे. तो वास नाकात बसला की दुपारचा डबा गोड लागत नाही. नंतर एचपीएलसी या तुकडे वेगळे करणाऱ्या यंत्रावर शुद्धीकरण आणि मास स्पेक, म्हणजे रेणूचं वजन मोजणं. मास स्पेकमध्ये अपेक्षेपेक्षा १६ एककांनी हलकं शिखर दिसलं, तर समजायचं की एका जागी गंधक बसायचा राहिला आणि ऑक्सिजनच राहिला. असं बारकं शिखर जवळजवळ प्रत्येक खेपेत असतं. प्रश्न ते किती मोठं आहे एवढाच.

इथपर्यंत बोलणाऱ्यांची आणि न बोलणाऱ्यांची तयारी सारखीच चालली होती. प्रत्येक उमेदवाराला एक जुळा भाऊ: सी-जीच्या जागी जी-सी, बाकी सगळं तेच. त्यातल्या निवडक उमेदवारांना दुसराही भाऊ, ज्याचा क्रम अगदी तोच पण सीवर मिथाइल बसवलेला. हा दुसरा जास्त कडक कंट्रोल, कारण एकही अक्षर हलत नाही. मिथाइलवाला कच्चा माल महाग, त्यामुळे सगळ्यांना तो देता आला नाही. खर्चाच्या बैठकीत “काहीच न करणाऱ्या रेणूवर एवढे पैसे?” हा प्रश्न आलाच. सर म्हणाले, “त्याने काहीच केलं नाही, हे दाखवण्याचेच पैसे आहेत.”

पहिली चाचणी रिपोर्टर पेशींवर. या मूळच्या मानवी मूत्रपिंडाच्या पेशी, ज्यांत मानवी टीएलआर-९ घातलेलं असतं. ते जागं झालं की पेशी एक विकर बाहेर सोडते आणि माध्यम गुलाबीचं निळं होतं. ९६ खणांची प्लेट रात्री इन्क्युबेटरमध्ये ठेवायची आणि सकाळी काढायची. साध्या डोळ्यांनी निकाल दिसतो, त्याची मजा वेगळीच. या पेशींसाठी सीरम ५६ अंशांवर अर्धा तास तापवून घ्यावं लागतं, नाहीतर सीरममधलंच विकर सगळी प्लेट निळी करतं. आमच्या पहिल्या प्लेटमध्ये बी वर्गाचा ठरलेला संदर्भ तुकडा गडद निळा, आमचे काही उमेदवार निळे, काही फिकट, आणि जी-सीवाले भाऊ सगळे गुलाबी. मी आनंदाने प्लेटचा फोटो काढून सगळ्यांना पाठवला.

मात्र या पेशींवर जास्त विसंबू नये. ए वर्गाचे तुकडे इथे जवळपास मुके दिसतात, आणि खऱ्या रक्तपेशींत तेच सगळ्यात जास्त इंटरफेरॉन काढतात. म्हणजे इथे गप्प असलेला रेणू तिथेही गप्पच असेल याची खात्री नाही. म्हणून रक्त.

रक्तासाठी संस्थेच्या नीतिशास्त्र समितीची परवानगी, दात्यांची लेखी संमती, सगळे सोपस्कार झाले. रक्त पातळ करून फायकॉल या दाट द्रवाच्या थरावर अलगद सोडायचं, ब्रेक न लावता सेंट्रिफ्यूज फिरवायचं. नळी बाहेर काढली की तळाशी लाल पेशी, वर पिवळसर प्लाझ्मा आणि मध्ये तापवलेल्या दुधावरच्या सायीसारखा एक पांढुरका पापुद्रा. आपलं काम त्या पापुद्र्याशी. तो पिपेटने उचलताना हात थरथरला की खालचा थर मिसळतो, म्हणून त्या वेळी कुणी कुणाशी बोलत नाही. त्यात प्लाझ्मासायटॉइड पेशी शंभरात अर्धीसुद्धा नसतात. तरी इंटरफेरॉन-अल्फा मुख्यतः त्यांच्याकडूनच येतं.

इंटरफेरॉनचे आकडे छान आले. सी वर्गाचे आमचे उमेदवार बी वर्गापेक्षा वर, जी-सीवाले भाऊ तळाशी. मग आयएल-६ची, म्हणजे दाहाचा इशारा देणाऱ्या प्रथिनाची, प्लेट वाचली आणि घात झाला. बोलणारे बोलत होतेच, पण न बोलणारेही बोलत होते. काही दात्यांच्या पेशींत तर जी-सीवाला भाऊ सीपीजीवाल्याच्या खांद्याला खांदा लावून उभा.

त्या आठवड्यात प्रयोगशाळेत जेवढे लोक तेवढे तर्क होते. दाता आजारी असेल. नमुन्यांची अदलाबदल झाली असेल. कणाच चिकट आहे, तोच पेशींना चिडवत असेल. माझ्या बरोबरची एक मुलगी तर म्हणाली, “अगं, तुला नवा शोध लागला असेल, क्रीगसारखा.” मोह झाला नाही असं नाही. पण क्रीग यांच्या गोष्टीतून घ्यायचं ते वेगळंच. बोलक्या कंट्रोलमध्ये समान काय आहे ते आधी बघायचं. म्हणून आमच्या सगळ्या बोलक्या कंट्रोलांची यादी काढली. क्रमात काही समान नव्हतं. लांबीत नव्हतं. समान होतं ते एवढंच की ते सगळे एकाच खेपेत विरघळवलेले होते.

पुढचं कोडं उलट बाजूने सुटलं. रिपोर्टर पेशी गुलाबी राहिल्या होत्या, रक्तपेशी मात्र बोलल्या होत्या. या दोघींत फरक काय? आमच्या रिपोर्टर पेशींत टीएलआर-४ नाही. रक्तातल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशींमध्ये ते खच्चून भरलेलं असतं, आणि ते ओळखतं एंडोटॉक्सिन, म्हणजे काही जिवाणूंच्या भिंतीचा तुकडा. तो इतका कमी लागतो की डोळ्याला पाणी स्वच्छ, गाळणीतून गेलेलं, उकळलेलं, आणि तरीही मोनोसाइट आयएल-६ ओतत बसतात. नेहमीच्या निर्जंतुकीकरणाने जिवाणू मरतो, त्याची भिंत तशीच राहते. काचेची भांडी त्यापासून मोकळी करायची तर २५० अंशांची कोरडी उष्णता लागते.

तपासायला दोन गोष्टी केल्या. एंडोटॉक्सिनला पकडून ठेवणारं पॉलिमिक्सिन-बी घालून रक्तपेशींवरचा प्रयोग पुन्हा केला. जी-सीवाले भाऊ चिडीचूप झाले, सीपीजीवाले बोलत राहिले. मग हॉर्सशू क्रॅब या समुद्री प्राण्याच्या रक्तपेशींपासून बनवलेली एलएएल चाचणी केली, आणि ज्या बाटलीतल्या पाण्यात ती खेप विरघळवली होती ती बाटलीच दोषी निघाली. बाटलीवर ‘एंडोटॉक्सिनमुक्त’ असं छापलेलं होतं. पुरवठादाराशी पत्रव्यवहार झाला, त्याचं पुढे काय व्हायचं ते झालं. आम्ही तेव्हापासून लेबलवर न जाता प्रत्येक नवी बाटली उघडल्यावर तपासतो.

आता समजा, मी कंट्रोल ठेवलेच नसते. आयएल-६चे आकडे सीपीजीवाल्यांच्या खात्यावर जमा झाले असते, कुणाला संशयही आला नसता, आणि माझ्या प्रबंधात एक देखणा स्तंभालेख छापला गेला असता. छापून आलेल्या कामांतही असं होत असणार, असा माझा संशय आहे. जिथे तुकड्याच्या शेजारी फक्त ‘नुसतं माध्यम’ हा एकच कंट्रोल दिसतो, तिथे मी आता पुढचं पान उलटायच्या आधी थांबते.

नव्या पाण्यात सगळं पुन्हा केल्यावरही जी-सीवाले भाऊ पूर्ण गप्प झाले नाहीत, हे सांगायला हवं. जास्त मात्रेत त्यांनी बी पेशींना थोडं हलवलंच. हे मात्र खरं होतं. टी भरपूर असलेले गंधकी कण्याचे तुकडे सीपीजीशिवायही मानवी बी पेशींना किंचित उठवतात, हे आधीपासून नोंदलेलं आहे. मग आम्ही मात्रा उतरवत नेली आणि जिथे मिथाइलवाला भाऊ शांत होतो पण सीपीजीवाला बोलतो, त्या पट्ट्यातच तुलना करायचं ठरवलं. डिझाइनमधला खरा निर्णय हा होता, अक्षरांचा नव्हे.

याच काळातली एक घरगुती आठवण. मार्च २०२२ मध्ये १२ ते १४ वर्षांच्या मुलांचं लसीकरण सुरू झालं. साताऱ्याची माझी भाची लस घेऊन आली आणि फोनवर म्हणाली, “मावशी, हात दुखतोय, ही कुठली लस गं?” ती कोर्बेव्हॅक्स, हैदराबादच्या बायोलॉजिकल ई कंपनीची. तिच्या अर्ध्या मिलीलिटरच्या डोसात २५ मायक्रोग्रॅम प्रथिन आणि अ‍ॅल्युमिनियमच्या जोडीला ७५० मायक्रोग्रॅम सीपीजी १०१८ असतं. २२ अक्षरांचा, बी वर्गाचा तुकडा. तिला सांगितलं, “अगं, मी जे दिवसभर करते ना, त्याचाच चुलत भाऊ तुझ्या दंडात गेलाय.” तिला काडीचाही फरक पडला नाही. मला मात्र पडला.

तोच १०१८ हेपटायटिस-बीच्या हेप्लिसॅव्ह-बी लशीत आहे, तिथे डोसाला ३,००० मायक्रोग्रॅम. जुन्या लशीचे सहा महिन्यांत तीन डोस घ्यावे लागत, इथे एका महिन्याच्या अंतराने दोन. अमेरिकेच्या एफडीएने ती नोव्हेंबर २०१७ मध्ये मंजूर केली, पण त्याआधी २०१३ मध्ये सुरक्षिततेची आणखी माहिती मागून परत पाठवली होती. दुसरा प्रसिद्ध तुकडा ७९०९. फुप्फुसाच्या कर्करोगात केमोथेरपीच्या जोडीला तो देऊन पाहिला. मोठ्या चाचण्यांत फायदा दिसेना, म्हणून २००७ मध्ये त्या थांबवल्या. कर्करोगात हरलेला हाच तुकडा पुढे अँथ्रॅक्सच्या लशीत अ‍ॅड्ज्युव्हंट म्हणून गेला, आणि ती लस २०२३ मध्ये मंजूर झाली. कर्करोगाच्या त्या चाचण्यांतही एक गट नुसत्या केमोथेरपीवर होता. तो नसता तर ७९०९ काम करतोय असं किती दिवस वाटत राहिलं असतं, कोण जाणे.

आमच्या यादीतून शेवटी दोन तुकडे उरले. जगावेगळे नाहीत. इंटरफेरॉनमध्ये सी वर्गाच्या प्रसिद्ध संदर्भ तुकड्याच्या आसपास, आयएल-६मध्ये थोडे खाली, आणि ते खाली असणं आम्हाला चाललं, कारण लशीनंतरचा ताप आणि अंगदुखी यांच्याशी आयएल-६चं जवळचं नातं आहे. दात्यादात्यांत फरक मात्र भरपूर. कुणाच्या पेशी इंटरफेरॉन ओततात, कुणाच्या कुरकुरत थेंबभर देतात. त्यामुळे सरासरीचा एकच स्तंभ न छापता प्रत्येक दात्याचा ठिपका वेगळा दाखवायचा, आणि त्याच्या मिथाइलवाल्या भावाच्या ठिपक्याशी रेघेने जोडायचा, असं ठरलं.

मग उंदरांचा टप्पा. त्यासाठी दोघांचीही उंदीर-आवृत्ती घडवली, जी-टी-सी-जी-टी-टीच्या जागी जी-ए-सी-जी-टी-टी घालून. आराखडा असा: अंड्यातलं ओव्हाल्ब्युमिन हे प्रथिन सगळ्या गटांना, कुणाला नुसतं, कुणाला अ‍ॅल्युमिनियमबरोबर, कुणाला आमच्या तुकड्याबरोबर, कुणाला जी-सीवाल्या भावाबरोबर, आणि कुणाला मिथाइलवाल्या भावाबरोबर. प्रतिपिंडांत आयजीजी-२ए आणि आयजीजी-१ हे प्रकार किती किती ते मोजायचं, कारण सीपीजी कौल आयजीजी-२एकडे झुकवतो.

प्राणी-नीतिशास्त्र समितीपुढे आराखडा मांडायला मी गेले. समितीतल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी शेवटच्या दोन गटांवर पेन्सिल ठेवली. “मॅडम, हे रेणू काही करत नाहीत असं तुम्हीच लिहिलंय. मग त्यांच्यासाठी एवढे उंदीर कशाला मारायचे?” प्रश्न रास्त होता. मी आयएल-६च्या दोन्ही प्लेटांचे आकडे पुढे केले, दूषित पाण्यातले आणि चांगल्या पाण्यातले. म्हटलं, “सर, पहिल्या वेळी अशाच रेणूंमुळे कळलं की आमचा निकाल पाण्याचा होता, डीएनएचा नव्हता.” त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले. जी-सीवाला वेगळा गट काढून टाका, मिथाइलवाला ठेवा, आणि प्रत्येक गटातली संख्या आकडेशास्त्राच्या हिशेबाने दाखवा, असं सांगून त्यांनी फाइल परत दिली. संख्या प्रत्येक गटात थोडी खाली आली. मंजुरी पुढच्या बैठकीत मिळाली, आणि उंदीर यायच्या आधी दादाने मिथाइलवाल्याची नवी खेप लावली.